मोहखोरीपुढची खूण

१

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा भगवानरावांचा नियम. खोलीत एसी होता, तोही कॉम्प्युटरसाठी. बाहेरच्या खोलीत माणसं मार्चच्या उन्हात घामाघूम होऊन ट्रेसिंग कागदावर रेघा ओढायची आणि आत एक मशीन गारव्यात बसायचं. पंचफुला रोज साडेनऊला यायची, दारात चपला काढायची, मशीनवरचं कापड घडी करून ठेवायची, स्टॅबिलायझरचा काटा बघायची आणि काटा लाल रेघेच्या खाली असला की मनातल्या मनात वीज मंडळाला शिव्या घालायची. आसिफाबादला १९९६ साली तो काटा बहुतेक दिवस खालीच असायचा.

ती आयटीआय झालेली ड्राफ्ट्समन. ड्राफ्ट्समनच म्हणायचे तिला, बाई असली तरी. नकाशे काढायचा प्रोग्राम तिनं जाड इंग्रजी पुस्तक समोर ठेवून स्वतः शिकून घेतला होता. एवढ्यावर न थांबता त्या प्रोग्रामला नव्या कमांड कशा शिकवायच्या तेही शिकली होती. ‘गाव’ नावाची कमांड तिचीच. ती टाइप केली की मशीन एकेक प्रश्न विचारायचं, गावाचं नाव काय, शिवाराचा नंबर काय, आणि शेवटी त्या गावाचा नकाशा काढून द्यायचं. काम चोख चालायचं. चोख चाललेल्या कामात कुणीतरी येऊन बोट घालणारच.

“पंचफुलाबाई, मंगळवारी मोठे साहेब लोक येऊन राह्यले,” भगवानराव म्हणाले. ते मूळचे वांकिडीकडचे. सरकारी नकाशांचं कंत्राट घ्यायचे आणि नकाशातली उत्तर दिशा कोणती ते शेवटपर्यंत विचारायचे. “त्यायले काय टाइप कराले लावता? एक डब्बा लावा. गाव निवडलं, बटन दाबलं, नकाशा बाहेर.”

“डायलॉग बॉक्स म्हणतात त्याला, साहेब.”

“डायलॉग शिनेमात असतात. तुमी डब्बा लावा.”

डबा लावणं म्हणजे भिंतीला खिळा ठोकणं नव्हे, हे त्यांना कोण सांगणार. एका फाइलमध्ये खिडकीची आकृती लिहायची: इथे गावांची यादी, इथे नंबराची चौकट, इथे बटण. ती झाली नुसती आकृती, मुकी. मग दुसऱ्या फाइलमध्ये नवी कमांड लिहायची आणि तिथे प्रत्येक चौकटीसाठी एक ओळ द्यायची, की हिला हात लागला की अमुक कर. ती ओळ राहिली तर चौकट दिसते, पण दाबली तरी काही होत नाही. सरकारी कचेरीतल्या तक्रारपेटीसारखी.

पंचफुलानं तीन दिवसांत एकेक चौकट कमांडला जोडत आणली. शेवटी एकच उरली. तिच्यासमोर तिनं लिहिलं होतं: बेचिराग.

२

ती चौकट भगवानरावांच्या हुकमानं आली होती. जुन्या गाव-यादीत निजामाच्या काळापासून एक रकाना होता, बेचिराग नावाचा. काही गावांपुढे त्यात खूण असायची.

“चिराग म्हंजे दिवा,” भगवानरावांनी सांगितलं होतं. “एवढं उर्दू येते मले. ज्या गावात लाइट नाही, ते बेचिराग. नव्यानं यादी करा अन् खुना मारून टाका.”

पंचफुलानं वीज नसलेली बारा गावं काढली आणि प्रत्येकापुढे खूण केली. बारावं गाव मोहखोरी. वांकिडीच्या पुढे, फाट्यावरून दीड कोस आत. तिचं माहेर. आई तिथे एकटी राहायची. खूण करताना पंचफुलाला बरंच वाटलं होतं. खांब नाहीत हे निदान एका सरकारी कागदावर तरी येईल, म्हणून.

शुक्रवारी दुपारी नागोराव यादी तपासायला आले. हे मुधोळचे, महसुलात मोडी-उर्दूचे कागद वाचण्यात जन्म गेलेला. ते निवृत्त झाल्यावर भगवानराव त्यांना चहावर आणि आदरावर बोलवायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, यादी डोळ्यांजवळ नेली आणि एकेका नावावर बोट फिरवलं.

“हे बारा बेचिराग कोनं केले?”

“मी केले, काका. लाइट नाही तिथं.”

“अवो बाई, बेचिराग म्हंजे लाइट नाही असं नसते. बेचिराग म्हंजे मानूस नाही. शिवार आहे, बांध आहे, नाव आहे, पन सांजच्याला दिवा लावाले कोनी राह्यलं नाही. उठून गेलेलं गाव.” त्यांनी यादीवर नख टेकवलं. “हे मोहखोरी. इथं तं लोक आहेत न?”

“माझी आई आहे तिथं.”

“मंग काढा. लवकर काढा. मंगळवारी हे कचेरीत गेलं का बोअर बंद, शाळा बंद, रेशन बंद. हे लिवाले एक खून लागते, अन् खोडाले तीन पंचनामे लागतात. मी उभ्या नोकरीत एक गाव परत चिरागी करू शकलो नाही.”

पंचफुलाला संताप आला तो भगवानरावांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं. तिनं बाराही गावांच्या खुणा काढल्या, फाइल सेव्ह केली, खिडकी उघडून बारा गावं एकेक करून निवडली. अकरा वेळा चौकट रिकामी होती.

मोहखोरीपुढे खूण होती.

३

अशा वेळी माणूस भुताखेतांचा विचार करत नाही. आपलंच चुकलं असेल, असं धरून चालतो. पंचफुलानं खूण माउसनं काढली, ओके दाबलं, कमांड पुन्हा दिली. खूण परत आली होती.

तिनं माहितीची फाइल उघडली. मोहखोरीपुढे शून्य होतं. शून्य म्हणजे खूण नाही. मग खिडकी एक कुठून आणते?

तिला उत्तर सुचलं आणि हायसं वाटलं. हा प्रोग्राम फाइल शोधताना चार ठिकाणी डोकावतो, आणि एखाद्या कोपऱ्यात जुनी प्रत पडलेली असली की तीच उचलतो. तुम्ही इकडे नवी फाइल दुरुस्त करत बसता आणि तो तिकडे जुनीच वाचत असतो. या पायी तिचे याआधी दोन दिवस वाया गेले होते. तिनं सगळ्या जुन्या प्रती पुसल्या. खात्री करायला खिडकीच्या माथ्यावरचं ‘गाव’ बदलून ‘गाव दोन’ केलं. कमांड दिली. माथ्यावर ‘गाव दोन’ आलं, म्हणजे नवीच फाइल वाचली जात होती.

मोहखोरीपुढे खूण होती.

मग तिनं चौकटीला कमांडशी जोडणारी ओळच काढून टाकली. आता त्या चौकटीला कोणी काही विचारत नव्हतं, तिच्यात कोणी काही भरत नव्हतं. मुकी, आंधळी चौकट. पंचफुलानं यादीतून वांकिडी निवडलं. चौकट कोरी राहिली. मोहखोरी निवडलं. छोटासा काळा क्रॉस चौकटीत उमटला, जणू कुणी आतल्या बाजूनं पेन टेकवलं.

“काऊन वं, अजून डब्बा लागला नाही काय?” भगवानरावांनी दारातून विचारलं. पायात चपला होत्या म्हणून ते आत येत नव्हते.

“मशीन खूण सोडत नाही, साहेब.”

“बंद करून चालू करा.”

त्यांचा हा एकच इलाज होता, मशीनवर, पंख्यावर आणि माणसांवरही. तिनं तोही केला.

४

शनिवारी तिनं ती चौकट खिडकीच्या आकृतीतूनच काढून टाकली. ओळी पुसल्या, सेव्ह केलं, खिडकी उघडली. बेचिराग हा शब्दच कुठे नव्हता. पंचफुलानं खुर्चीला पाठ टेकली. साहेब लोकांनी विचारलं तर रकाना गाळला म्हणून सांगू, असं तिनं ठरवलं. भगवानराव ओरडतील. ओरडू देत.

मोहखोरी निवडून तिनं ओके दाबलं आणि नकाशा उमटताना बघत बसली. त्या काळी नकाशा हळू उमटायचा, रेघ रेघ करत. शिवाराची हद्द आली. नाला आला. नाल्याकाठची शेतं आली, त्यात तिच्या मामानं बटईनं केलेला तुकडाही आला. विहीर आली. गावठाणाची हद्द आली, पाच बाजूंची, वाकडी. त्यानंतर आत तिरप्या बारीक रेघा भरून यायला हव्या होत्या. वस्ती दाखवायची ती रीत.

रेघा आल्या नाहीत. मशीननं काम संपवलं आणि पुढच्या कमांडची वाट बघत थांबलं. गावठाण पांढरं राहिलं होतं.

तिनं शेजारचं गाव काढून बघितलं. वस्ती रेघांनी गच्च भरली. परत मोहखोरी काढलं, पांढरं.

रेघा भरायच्या की नाही हे ठरवणारी ओळ तिनंच लिहिली होती: खूण शून्य असेल तर भर. तिनं मशीनला थेट विचारलं, खुणेची किंमत काय? मशीन म्हणालं, एक. तिनं हातानं शून्य केली. पुन्हा विचारलं. शून्य. नकाशा काढला. पांढरा. विचारलं. एक.

एसी चालू होता आणि तिच्या काखेत घाम आला होता. चौकट नव्हती, ओळ नव्हती, फाइलमध्ये शून्य होतं. एक लिहायला जागाच उरली नव्हती, तरी एक होता. पंचफुला मोठ्यानं म्हणाली, “कोन लिहून राह्यलं हे?” आणि बाहेरच्या खोलीतल्या माणसांनी माना वर केल्या, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं की गुरुवार होऊन गेला आणि आईचं गाठोडं आलं नव्हतं. दर गुरुवारी वांकिडीच्या बसनं आई गाठोडं धाडायची, ज्वारीचं पीठ, कधी बोरं, कधी वाळवलेली मोहाची फुलं. कामाच्या गडबडीत पंचफुला त्या दिवशी स्टँडवर गेलीच नव्हती.

५

दुपारी ती स्टँडवर गेली. वांकिडीच्या बसचा कंडक्टर दारात बसून शेंगा सोलत होता.

“मोहखोरीच्या देवकाबाईचं गाठोडं आलं होतं काय परवा?”

“नाही आलं.”

“दुसऱ्या कोणाजवळ दिलं असेल?”

“देईन कोन, बाई? फाट्यावर कोनी उभंच नसते.” त्यानं टरफल फुंकलं. “चार-पाच दिस झाले. आधी दोन-चार जन तरी चढत. आता गाडी थांबवावं तं हात दाखवाले मानूस पायजे न.”

“पाच दिवस कोणीच नाही? अख्खं गाव आहे तिथं.”

“मी काय गावात जाऊन पाहू काय? माहं काम फाट्यापुरतं.”

तिनं मनात हिशेब केला. आज शनिवार. पाच दिवस म्हणजे सोमवार. खुणा तिनं सोमवारी मारल्या होत्या.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. मोहाचा मोसम आहे, लोक पहाटेपासून रानात असतील. गावात कुणाचं लग्न असेल. कारणं पुष्कळ होती आणि प्रत्येक कारण बरोबर असू शकत होतं. तरी रविवारी दुपारच्या बसनं ती निघाली. फाटा आला तेव्हा कंडक्टरनं घंटी मारली नाही. तिला उठून ओरडावं लागलं, तेव्हा कुठे गाडी थांबली.

६

गाव जागेवर होतं.

पंचफुलाला हसूच आलं, मग राग आला. पारावर म्हातारे बसले होते. पोरं टायर पिटाळत होती. बोअरवर तिची लहानपणची मैत्रीण ताराबाई पाणी भरत होती, तिनं हाक मारली, “आली वं ड्राफ्समन?” आई अंगणात मोह वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “सुकली लय. जेवत नाहीस काय?”

“गाठोडं काऊन नाही धाडलं, माय?”

“कसं धाडू? बस थांबते काय?” आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सोमवारपासून रोज जातो आमी फाट्यावर. मी जातो, तारा जाते, मास्तर जाते. हात दाखोतो. भरधाव निंगून जाते मेला. डायवर पाह्यतच नाही इकडं.”

“कंडक्टर म्हणते फाट्यावर कोणीच नसते.”

“त्याच्या डोयात माती पडली. आमी काय बाभयीची झाडं हाओ काय?”

पंचफुला ओट्यावर बसली. दोघंही खरं बोलत होते हे तिला कळत होतं, आणि तेच तिला नको होतं. एकजण खोटारडा निघाला असता तर ती त्याच्याशी भांडून मोकळी झाली असती. भांडण तिला जमायचं.

आईनं पाणी दिलं, सगळ्या गावाची खबर दिली, मामाच्या बैलाचं खूर दुखतं तेही सांगितलं. ऊन उतरलं. डोंगराची सावली नाल्यापर्यंत आली. पोरं घरोघर पांगली.

“माय, चूल पेटवाची नाही काय?”

“भिजवलेले हरभरे हायेत. खाऊन घे.”

“अन् भाकर?”

“चुलीचं काय काम आता,” आई म्हणाली, जशी रोजचीच गोष्ट.

७

अंधार पडायला लागला तशी पंचफुला दिवा लागायची वाट बघत राहिली. आई चिमणी लावेल, मग बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावेल, हात जोडेल. ही मेणबत्ती आईनं तापात फणफणतानाही चुकवली नव्हती. पण आई चटईवर बसून हरभरे निवडत राहिली. हात दिसेनासे झाले तरी दाणे टिपल्याचा आवाज चालूच होता.

पंचफुला दारात आली. समोर ताराबाईचं घर काळं होतं. त्याच्या पलीकडचं काळं. पारापर्यंत एकही ठिणगी नव्हती, कुठे धूर नव्हता. मात्र सगळ्या घरांतून बोलणं ऐकू येत होतं. भांडी वाजत होती. ताराबाई कुणाला तरी झोपवताना गुणगुणत होती. अंधारात अख्खं गाव आपापला संसार करत बसलं होतं.

“माय, दिवा लाव.”

“कशाले? दिसते की सारं.”

“मला दिसत नाही. रॉकेल सरलं काय?”

“रॉकेल भरून हाय. तू बस अशी. उगा दिवा दिवा करू नको.” आईचा आवाज चटईच्या उजव्या टोकाकडून येत होता. “तुहा मामा काल म्हने, पंचीले सांग, हरभरा चांगला आला हाय, तिच्यासाठी एक पायली…”

पंचफुला परत आत आली आणि चटईवर उभी राहिली. तिच्या पिशवीत आगपेटी होती. वैतागाच्या भरात तिनं काडी ओढली.

पायली या शब्दापुढे आवाज तुटला.

चटई उजेडात आली. उजव्या टोकाला कोणी नव्हतं, डाव्या टोकालाही नाही. चटईवर धुळीचा जाड थर होता, आणि त्यात एकाच माणसाच्या पावलांच्या खुणा होत्या. त्या दारातून आत आल्या होत्या आणि पंचफुलाच्या पायांशी थांबल्या होत्या. कोपऱ्यात चूल होती. चुलीत वीतभर गवत वाढलं होतं, पिवळं, कुसळं आलेलं. गावात आवाज नव्हता. ताराबाईचं गुणगुणणं नव्हतं, कुत्रंही नव्हतं. फक्त काडी जळत असल्याची बारीक सळसळ होती.

काडीनं बोट भाजलं. ती विझली.

“…एक पायली बाजूले काढून ठेवली म्हने,” आई म्हणाली. “घेऊन जाशील न सकाळी?”

समोर ताराबाई त्याच ओळीवर गुणगुणत होती.

पंचफुला हलली नाही. पुरावा दोनदा घ्यावा, ही तिची सवय. एकदा दिसलं ते चूक असू शकतं, दोनदा दिसलं की कारण शोधायचं. पेटीत तीस-पस्तीस काड्या होत्या. तिनं दुसरी काढली आणि पेटीच्या कडेला टेकवली.

तेवढ्यात अंधारातून आईचा हात आला आणि तिच्या मनगटावर बसला. राकट, गरम, तळव्यावर विळ्याचा जुना व्रण असलेला हात.

“नको लावू ते, पंचे,” आई हळू आवाजात म्हणाली. “त्याचा तरास होते.”

“काय होते, माय?”

दाणे टिपायचं थांबलं होतं.

“मंधातच काई नसते,” ती म्हणाली. “मंग पुन्हा असते. मंधात कुठं जातो आमी, ते काई समजत नाही.”

काडी अजून कडेला टेकलेली होती. सकाळी फाट्यावर जाऊन बस थांबवता येईल का, मंगळवारच्या आत आसिफाबादला पोचता येईल का, पोचून कुठली ओळ बदलायची, कुणाशी भांडायचं, हे सगळं पंचफुलाच्या डोक्यात एकदम गोळा झालं आणि एकाचंही उत्तर तिला येत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं, की हा हात मनगटावर असताना काडी ओढली तर मनगटावर काय उरतं ते तिला दिसेल.

तिनं काडी सोडून दिली. ती चटईवर कुठेतरी पडली. आगपेटी तिनं दारातून जमेल तितक्या लांब भिरकावली, आणि अंधारात चाचपत आईच्या जवळ सरकून बसली.

“बोल, माय,” ती म्हणाली. “मामाच्या बैलाचं सांगत होती तू. बोलत राह्य.”